शेवटाकडून शिकवणारे सर

हजेरीपट घेऊन मी वर्गात शिरले, तर माझ्या वर्गात आधीच कुणीतरी शिकवत होतं!

उंच, बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत खडू माखलेला. आणि फळ्यावर – माझ्या फळ्यावर – लिहिलेलं, ‘काल संध्याकाळी तुम्ही काय वाचलंत?’

“हा इंग्रजी साहित्याच्या इतिहासाचा तास आहे,” मी दारातूनच म्हणाले.

“हो ना, तोच घेतोय.”

“इतिहास काल संध्याकाळी सुरू होत नाही!”

“होतो की... तिथून मागेमागे जायचं असतं,” तो म्हणाला, आणि हसला.

असं चूक कबूल न करता हसणाऱ्या माणसांचा मला भयंकर वैताग येतो.

तडक विभागप्रमुख मॅडमकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुझ्यावर फार भार होता, म्हणून निम्मा पेपर त्या नव्या शिक्षकाला दिलाय. सांभाळून घे. आणि लक्षात ठेव, सत्र संपताना ही मुलं मुख्य विषय निवडतील. इंग्रजीला पंधरा सह्या मिळाल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी वर्ग भरणार नाही.”

वर्ग नाही म्हणजे मीही नाही. माझी नेमणूक एका वर्षाच्या करारावर होती. त्याला निदान तळमजल्यावर इंग्रजी संभाषणाचे वर्ग तरी होते. माझं सगळं त्या एकतीस मुलांच्या हातात!

सोमवारी आणि बुधवारी मी पार सुरुवातीपासून शिकवायची – मठात बसून हाताने पोथ्या उतरवणारे लोक, मग दरबार, मग छापखाना. मंगळवारी आणि गुरुवारी तो आजच्या कादंबरीपासून उलटा निघायचा. मुलांनी लगेच बारसं उरकलं. मी ‘सनावळी मॅडम’, तो ‘उलटे सर’.

“तुम्ही मुलांना एकही साल सांगत नाही!” शिक्षकांच्या खोलीत मी कडाडायची.

“तुम्ही एकही विसरू देत नाही,” तो माझ्यापुढे चहा सरकवत म्हणायचा. बिनसाखरेचा. मी कधी सांगितलं नव्हतं... पण त्याने पाहून ठेवलं होतं.

घरी जाऊन मी त्याच्या तक्रारी सांगत बसायची. एकदा वहिनीने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, “वन्सं, महिनाभर या घरात दुसऱ्या कुणाचं नाव निघालंय का हो?”

“मी चिडलेय त्याच्यावर!”

“दिसतंय की. चिडून नवा ड्रेस घालून निघालात आज.”

मग चाचणी झाली, आणि पेपर तपासता तपासता मी लाल पेन खाली ठेवलं. एकाने लिहिलं होतं, शंभर वर्षांनंतरच्या कादंबरीकारावर संतापून आधीच्या कवीने कविता रचली. दुसरीने रेल्वे धावल्यावर छापखाना आणला होता. एकतीसपैकी बावीस पेपर असेच. मी पुढून आले, तो मागून आला, आणि मधे मुलं चिरडली!

“बघा!” मी गठ्ठा त्याच्यापुढे आपटला. “शुक्रवारी सह्या आहेत. कोण घेणार आहे हा विषय?”

त्याने पहिल्यांदाच हसायचं टाळलं. एकेक पेपर नीट वाचला. “माझी चूक आहे,” तो हळूच म्हणाला. “शुक्रवारचा तास दोघांनी मिळून घेऊ या? पहिल्या टोकाला तुम्ही उभ्या राहा. तुम्ही सांगाल तसं.”

मला भांडायचं होतं हो... पण हे ऐकल्यावर भांडणार कशी?

शुक्रवारी बाकं सरकवून आम्ही मुलांना भिंतीलगत शतकांच्या क्रमाने उभं केलं. एकजण पोथी, एक मुलगी छापखाना, पुढे रेल्वे. या टोकाला मी, त्या टोकाला तो. मुलांची गाडी पहिल्यांदाच रुळावर आली, आणि आमची घसरली.

“छापखाना आला म्हणून वाचक वाढले,” मी म्हणाले.

“वाचायची भूक होती, म्हणून छापखाना टिकला.”

“भुकेला साल असतं का?”

“सालाला भूक असते का?”

मुलं टाळ्या पिटू लागली. बोलता बोलता आम्ही दोघंही चालत कधी रांगेच्या मध्यावर येऊन ठेपलो, कळलंच नाही. त्याच्या भुवईवर खडूची पूड होती. मी ती पुसायला हात उचलला, आणि... घाईघाईने स्वतःचेच केस सारखे केले.

छापखाना झालेल्या मुलीने विचारलं, “सर, तुम्ही दोघं कायम असेच भांडणार?”

“आयुष्यभर,” तो बोलून गेला. मग कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे... मॅडमची हरकत नसेल तर.”

वर्गात नुसता गोंधळ!

“वर्गात? एकतीस मुलांदेखत?” माझा आवाज कापत होता, आणि रागाने नव्हे, हेच जास्त संतापजनक होतं.

“मॅडम, उत्तर द्या! मगच सही!” मागून कुणीतरी ओरडलं.

मी टेबलावरचा सह्यांचा कागद उचलला. “साहित्य शिकणाऱ्याला शेवट आयता मिळत नाही. ज्यांना पुढे काय होतं ते बघायचंय, त्यांनी पुढच्या वर्षी याच वर्गात यायचं.”

मग छापखाना पुढे आली, पेन मागितलं. तिच्यामागे रेल्वे. मग रांगच लागली.

मी दोनदा मोजल्या. सतरा.

मुलं गेल्यावर तो हात पुसत दारात घुटमळला. “मलाही... पुढच्या वर्षापर्यंत थांबायचंय?”

त्या वेंधळ्या, खडूने माखलेल्या माणसाकडे पाहून मी मोठा सुस्कारा सोडला.

“तुम्हाला नाही. माझं उत्तर ‘हो’ आहे,” मी म्हणाले. “पण मुलांना कळता कामा नये. सतरा सह्यांचा प्रश्न आहे.”