तिसरा रकाना

श्वसन-साहाय्य केंद्राच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी एका सहा वर्षांच्या मुलीचे श्वास भिंतीवर उमटत होते. मुलगी तिथे नव्हती. ती अकरा किलोमीटर दूर, मिरजेत, आपल्या घरी होती. तिच्या छातीभोवती बांधलेली संवेदनपट्टी तिचा प्रत्येक श्वास इथल्या पडद्यावर पाठवत होती. पडद्यावर दोन रकाने होते, यंत्रश्वास आणि हस्तश्वास. यातल्या दुसऱ्या रकान्यामुळे तिच्या आईवर ठपका आला होता.

आई, गिरिजा सुतार, टेबलाच्या अलीकडे ताठ बसली होती. शेजारी नवरा, दिगंबर. दोघांचा धंदा बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचा. मिरजेत सतारी करणारे पुष्कळ, पण पेटीचा दमलेला भाता दुरुस्त करावा तो गिरिजानेच, असं गवई म्हणत. समोर केंद्राचे प्रमुख डॉ. बेडेकर होते आणि त्यांच्या बाजूला यंत्राच्या अभियंता तबस्सुम मुजावर. बेडेकर काही वाईट माणूस नव्हते. फक्त माणसापेक्षा छापलेल्या कागदावर त्यांचा विश्वास अंमळ जास्त होता.

"तुमच्या दारात आमची गाडी उभी आहे," ते म्हणाले. "बारा वाजता रेवाला इथे आणायचं. कायमचं. तुम्ही सही केलीत तर उत्तम. नाही केलीत तरी नियम तोच."

"नियम मी वाचलाय," गिरिजा म्हणाली. "कारण सांगा."

"कारण तुम्ही यंत्र बाजूला ठेवून तिला हाताने श्वास देता. दिवसाला एकोणीसशे."

रेवा आठ महिन्यांची असताना तापात तिच्या मेंदूच्या देठाला इजा झाली होती. श्वासाचा हुकूम जिथून निघतो, नेमकी ती जागा. केंद्रातल्या फायलीत लाल शाईने नोंद होती : 'स्वयंश्वास शून्य. कायम.' चार वर्षं ती इथेच वाढली. मग गळ्यातल्या नळीतून हवा देणारं श्वासधर यंत्र घेऊन आईबापांनी तिला घरी नेलं, त्याला आता दोन वर्षं झाली होती.

"दिवसातून तीनदा मी हातभाता धरते," गिरिजा म्हणाली. "आंघोळीला, नळी साफ करताना आणि यंत्राची गाळणी बदलताना. दहा-दहा मिनिटं. मिनिटाला पंधरा श्वास. साडेचारशे होतात. बाकीचे माझे नाहीत."

"म्हणजे यंत्र खोटं बोलतं?"

"यंत्राचं तुम्ही बघा. मी खोटं बोलत नाही."

बेडेकरांनी घरच्या पाहणीत घेतलेली एक चित्रफीत लावली. न्हाणीघरात रेवा पाटावर बसली होती आणि गिरिजा हातभाता, म्हणजे रबराची ती फुगीर पिशवी, दाबत होती. दाबायची, सोडायची, आणि मग मान किंचित कलती करून थांबायची.

"हे थांबणं बघा. प्रत्येक वेळी अर्धा सेकंद उशीर. आम्ही असं शिकवलं होतं तुम्हाला?"

"नाही. हे मला पेटीने शिकवलं. भाता दाबून सोडला की कान द्यायचा, म्हणजे गळती कुठे आहे ते कळतं. बावीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप थांबतो. त्या अर्ध्या सेकंदात मी पोरीचं ऐकते. इथे चार वर्षं होती ती. कुणी ऐकलं होतं तिचं?"

दिगंबरने तिच्या कोपराला हळूच हात लावला. तिने तो झटकला नाही, पण आवाजही उतरवला नाही.

मुजावर मघापासून आकडे चाळत होत्या. त्यांनी विचारलं, "गिरिजाताई, घरी यंत्राचं हस्तानुकरण चालू आहे?"

"आलं तसंच आहे. आम्ही कशालाच हात लावला नाही."

"हे काय प्रकरण?" बेडेकरांनी विचारलं.

"सर, मूल हातावरून यंत्रावर गेलं की त्याला फरक जाणवू नये, म्हणून यंत्र सांभाळणाऱ्याच्या हाताची लय शिकतं. इथे पाळीपाळीने नऊ जणी असतात. नऊ हातांच्या नऊ तऱ्हा, म्हणून आपण ते बंद ठेवतो. घरी मात्र एकच हात." त्यांनी पडद्यावरची एक रेघ मोठी केली. "हे बघा. रेवाचं यंत्रही आता प्रत्येक श्वासाआधी अर्धा सेकंद थांबतं."

"म्हणजे बाईंनी यंत्रही बिघडवलं!"

"सर, आपल्याला श्वास घ्यावासा का वाटतो?"

"हे मला विचारताय? रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून."

"घरचं यंत्र थांबतं, तेवढा तो साचतो. इथलं तो साचूच देत नाही. भूक लागायच्या आधीच घास तोंडात. तसं मूल जेवण मागेल कशाला?"

"ज्याची भूकच मेली आहे, त्याच्याबद्दल तुम्ही बोलताय," बेडेकर शांतपणे म्हणाले. "तिच्या मेंदूतली ती जागा गेली. फायलीत आहे. मला त्या मुलीची काळजी वाटते, सुतारबाई. घरी तुम्हाला कधी झोप लागली तर? उशीर अर्ध्या सेकंदाचा दोन मिनिटांचा झाला तर?" त्यांनी सहीचा कागद पुढे सरकवला. घड्याळात पावणेबारा झाले होते.

भीती गिरिजालाही वाटत होती. दोन वर्षांत ती एकदाही सलग चार तास झोपली नव्हती. पण ज्या घरात रेवाने डोळ्यांनी हसायला शिकून घेतलं, त्या घरातून तिला कुणी रकान्याच्या जोरावर उचलून न्यावं, हे तिच्या पचनी पडणारं नव्हतं. तिने कागदाकडे पाहिलंच नाही. ती पडद्याकडे बघत होती.

"डॉक्टर, दुसऱ्या रकान्यातला आजचा आकडा आत्ताही वाढतोय."

सगळ्यांनी पाहिलं. सहाशे अकरा. थोड्या वेळाने सहाशे बारा.

"मी इथे आहे, हे इथे आहेत," ती म्हणाली. "दोघांचे चारही हात तुमच्या टेबलावर. मग घरी आत्ता हाताने श्वास कोण देतंय?"

"तिथे आमच्या लिडिया सिस्टर आहेत," बेडेकर म्हणाले आणि म्हणता म्हणता अडखळले. आपलेच दात, आपलेच ओठ. सिस्टर केंद्राच्या होत्या, बेडेकरांनीच आज सकाळी पाठवल्या होत्या. त्यांनी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"सिस्टर, तुम्ही हातभाता का वापरताय?"

"मी? नाही हो सर. मी तर रेवाच्या दोन वेण्या घालतेय. दोन्ही हात गुंतलेत माझे. फोनसुद्धा मांडीवर ठेवलाय."

"हातभाता कुठे आहे?"

"खुंटीला. सकाळपासून तिथेच."

सहाशे तेरा.

"सर," मुजावर म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "हे रकाने मीच आखलेत. यंत्राला हात दिसत नाही, फक्त पट्टीवरून छाती कळते. छाती वर आली आणि ती हवा यंत्राची नसली, की यंत्र आपला श्वास आवरतं आणि दुसऱ्या रकान्यात नोंद करतं. फायलीत स्वयंश्वास शून्य होता, म्हणून तिच्या स्वतःच्या श्वासाचा तिसरा रकाना मी केलाच नाही."

दिगंबरने दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं. तो रडत होता आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं.

गिरिजाच्या डोळ्यांतही पाणी आलं, पण ती भडकलेली होती. "हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन वर्षं ती मागतेय आणि तुम्ही तिचे श्वास माझ्या गुन्ह्यात धरलेत."

बेडेकरांनी चष्मा काढला. "मग तर तिला ताबडतोब इथे आणायला हवं," ते गडबडीने म्हणाले. "तपासण्या करू, अभ्यास करू. हे फार मोठं..."

"इथे तुमचं यंत्र थांबत नाही. इथे आणलंत की पुन्हा शून्य." तिने हुकमाचा तो कागद ओढून पालथा केला, बेडेकरांचंच पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन उभ्या रेघा मारल्या. तीन रकाने झाले. तिसऱ्याच्या डोक्यावर तिने लिहिलं, 'रेवा'. "अभ्यास करायचा तर घरी या. चपला दाराबाहेर, हात कोपरापर्यंत धुऊन. थांबायचं कसं ते मी शिकवीन. एका दिवसात नाही जमणार, मलाही नव्हतं जमलं."

बेडेकरांनी तो कागद उचलून घेतला. त्यांनी विचारलं, "कधी येऊ?"

"संध्याकाळी. आंघोळीच्या वेळी." गिरिजा उठली, पदर खोचला आणि दारापाशी जाऊन वळली. "आणि आधी ती गाडी परत बोलवा. दारात उभी राहिलीय, शेजाऱ्यांना वाटेल आमच्याकडे कुणी आजारी आहे."