नुसते पडलेले दगड

"डावीकडे! अजून डावीकडे! हं, आता कसा तो नांगर बोलायला लागला!" मिस्टर प्रेस्कॉट दोन्ही हात नाचवत ओरडले.

"काय बोलतोय तो?" इंग्रिडने विचारलं.

"म्हणतोय, मला खाली उतरवा!" नऊ वर्षांचा ओवेन म्हणाला.

लिनेट आत्याने दोघा भाचरांकडे डोळे वटारले. टॅमरॅक सरोवराच्या काठचं हे लाकडी घर तिने मे महिन्यात विकत घेतलं होतं, शनिवार-रविवारी येऊन राहायला. ते सजवायला टोरोंटोहून प्रेस्कॉट आले होते, आणि त्यांच्या लेखी पाणी म्हणजे समुद्र! भिंतीवर जहाजाचा नांगर, खिडक्यांना जाळी, न्हाणीघराच्या दारावर दीपस्तंभ. खरा समुद्र इथून गाडीने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर होता. बारा वर्षांच्या इंग्रिडला वाटलं, नकाशा न बघता इतकं मोठं होता येतं?

"आणि ही शेकोटीची भिंत!" प्रेस्कॉटनी नव्या गोल दगडांवरून हात फिरवला. "थेट अटलांटिकच्या किनाऱ्यावरून मागवलेत दगड!"

एवढ्यात शेजारची आइला धावत आली. "आत्या, बोटघराचं दार अडकलंय! आजोबांनाही उघडेना!"

सगळे पाण्याकडे गेले. आइलाचे आजोबा, मिस्टर लाहती, दाराला खांदा लावून उभे होते. हे बोटघर त्यांनी आपल्या वडिलांच्या हाताखाली बांधलं होतं. त्याला साठ वर्षं झाली. तेव्हापासून त्याची देखभाल तेच करत.

"गुरुवारी सकाळी बोटाने सरकत होतं," ते पुटपुटले.

प्रेस्कॉटनी बुटाच्या टोकाने खांब ठोकला. "कुजकं काम! बांधणाऱ्याला अक्कल नव्हती. आजची पार्टी झाली की पाडून टाकू, लिनेट. मी झकास नवं उभारून देतो."

"आज याच्या छपरावरच्या गच्चीवर कुणाला चढवू नका, बाई," आजोबा म्हणाले.

"चार वाजता माझे तीस पाहुणे याच गच्चीवर येणार आहेत!" आत्याचा आवाज चढला. "तुमचं काम तुम्हाला सांभाळता येत नाही आणि वर मलाच सांगता? उद्यापासून येऊ नका तुम्ही."

 आजोबांनी खांबावर तळहात ठेवला आणि ते निघून गेले.

आइलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजोबांचं काम कुजकं? त्या माणसाला बोटीचं तोंड कुठलं नि बूड कुठलं हे तरी कळतं का?"

"रडू नको. शोधून काढू," इंग्रिड म्हणाली. "ओवेन, चेंडू आण!"

गच्चीच्या मधोमध ठेवलेला चेंडू आपोआप निघाला आणि पाण्याकडच्या कोपऱ्यातून थेट डुबुक!

"कोपरा खचलाय!" ओवेन किंचाळला.

"आणि आपण त्याच्यावरच उभे आहोत. चला खाली!" इंग्रिडने दोघांना काठावर ओढलं. "पाण्यात उतरून बघायचं, पण बाहेरून. कललेल्या छपराखाली शहाणा माणूस जात नाही."

आइला पोहण्याचा चष्मा लावून कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि डोकं बुडवून वाकली. बोटघराच्या प्रत्येक कोपऱ्याखाली ओंडक्यांचं एक मोठं खोकं होतं. अशी खोकी दगडांनी गच्च भरलेली असतात. त्या वजनानेच ती तळाला घट्ट बसतात, म्हणून वरचं घर लाटांना नि बर्फाला दाद देत नाही. आइला वर आली ती धापा टाकत.

"या कोपऱ्यातलं खोकं अर्धं रिकामं आहे! दगडच नाहीत!"

"दगड कोण चोरतं?" ओवेन म्हणाला.

इंग्रिडला गुरुवार आठवला. त्या दुपारी आत्यासकट सगळेजण पडदे आणायला गावात गेले होते. घरी फक्त प्रेस्कॉट आणि त्यांची माणसं होती.

"चला!" ती ओरडली आणि घराकडे पळाली.

शेकोटीपाशी तिने एकेक दगड बारकाईने पाहिला. खालच्या रांगेत, एका दगडाच्या खाचेत नखाएवढा पट्ट्यापट्ट्यांचा शिंपला चिकटून बसला होता. तिने नाक लावलं. शी! शेवाळाचा वास!

बाहेर पहिल्या गाड्या येऊन थांबत होत्या. आत्या हातात ट्रे घेऊन निघाली, तशी इंग्रिड गोड आवाजात म्हणाली, "प्रेस्कॉटकाका, हे दगड नक्की समुद्रावरचेच ना?"

"अर्थात! खारं वारं खाल्लेला दगड मी डोळे मिटून ओळखतो."

"मग त्यावर झेब्रा शिंपला कसा? तो तर खाऱ्या समुद्रात जगत नाही. तळ्याच्या धक्क्यावर पाटी लावलीय, बोटी धुवा म्हणून, ती त्याच्यासाठीच. शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं हे."

आत्याने ट्रे खाली ठेवला. वाकून शिंपला पाहिला. "प्रेस्कॉट?"

प्रेस्कॉटचा चेहरा बीटासारखा झाला. "अगं लिनेट... मागवलेले दगड वेळेत आले नाहीत. हे बोटघराखाली नुसते पडले होते! काहीही काम करत नव्हते!"

"तेच त्यांचं काम होतं!" आइला कडाडली. "नुसतं पडून राहायचं! साठ वर्षं!"

आत्याने खिडकीतून गच्चीकडे पाहिलं. तीस माणसं त्या गच्चीवर उभी राहिली असती तर! मग तिने पाहुण्यांना गवतावरच बसवलं, गच्चीच्या जिन्याला दोरी बांधली आणि ती पार्टीच्या कपड्यांतच लाहतींच्या घरी गेली. तिथे ती काय बोलली ते मुलांना ऐकू आलं नाही. पण परत येताना तिचं नाक लाल होतं, आणि बरोबर आजोबा होते.

रविवारी शेकोटीची भिंत उतरली. आजोबांनी जॅक लावून कोपरा उचलला. थांबलेल्या सात-आठ पाहुण्यांनी रांग करून दगड हातोहात पोचवले. रांगेच्या टोकाला, थंडगार पाण्यात, पांढरी विजार वर दुमडून प्रेस्कॉट उभे होते. ती जागा आत्याने नेमून दिली होती.

"मोठे खाली, लहान फटीत," आजोबा एवढंच सांगत होते.

काम संपल्यावर आत्या म्हणाली, "पोरांनो, काल तुम्ही तीस माणसांचे जीव वाचवलेत. आणि मला शहाणं केलंत, हे जास्त अवघड होतं!"

आजोबा कमी बोलायचे. त्यांनी हात पुसले आणि इंग्रिडसमोर येऊन थांबले.

"काल दिवसभर मला वाटत होतं, माझ्या बापाचंच काहीतरी चुकलं असेल," ते म्हणाले. "साठ वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही पाण्यात वाकून बघितलंत. मी मात्र नुसताच घरी बसून राहिलो."

मग त्यांनी एकेकाशी, मोठ्या माणसांशी करतात तसा, हात मिळवला. ओवेनशीसुद्धा.