टोरीचं तेल पिलेले पॅड

उतारावर मी ब्रेक दाबला आणि सायकल थांबलीच नाही. वळणावर एकानं मोहफुलं वाळत घातली होती. त्यात मी सायकलसकट शिरले. तोंडात मोह, केसांत मोह.

"झालं?" तो म्हणाला. "का आनखी लोळता?"

"ब्रेक लागला नाई!"

त्यानं चाकाच्या चकतीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"डिस्कले टोरीचं तेल कोनं लावलं?"

सुकरीबाईनं. मी धानोऱ्याकडच्या एका गावात नर्स आहे, तिच्याच घरी भाड्यानं राहते. पहिल्या पगाराची माझी ही सायकल, आणि तिचा ब्रेक किंचाळत होता. सुकरीबाईच्या घरात जे करकरतं त्याला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लागतं – दाराला, गुडघ्याला, बैलगाडीच्या आसाला. तिनं मायेनं ब्रेकलाही चोपडलं.

"पॅडनं तेल पिलं. आता पुसून होत नाई, फेकाच लागते. गडचिरोलीहून नवे आनतो. तवर पायी चाला, नर्सबाई."

कोलू त्याचं नाव. तिथंच त्याचं सायकलचं दुकान – चार बांबू आणि ताडपत्री. पॅड लवकर येईनात. मी रोज त्याच्या दुकानावरून पायी जायची. आधी त्यानं पाणी दिलं. मग पळसाच्या पानात चारोळीची पिकलेली चारं दिली. मग एकदा नुसतं बघितलं... आणि मला वाटलं, पॅड नाही आले तरी चालेल.

शेवटी पॅड आले. त्यानं चाक काढलं, पिन ओढली, तेलकट पॅड बाहेर काढले. माझा हात सहज हँडलवर गेला.

"ब्रेक दाबू नका! चाक नसताना दाबला तं आतले दट्टे बाहेर येते. मंग वापस ढकलाले लय तरास."

नव्या पॅडला जागा व्हावी म्हणून तो दट्टे हळूहळू आत सरकवत होता. मी माझ्या पिशवीतलं स्पिरिट कापसावर घेऊन चकती पुसत होते. हाताला हात लागला. दोघांनीही बाजूला घेतला नाही.

"आज तोंडाले कुलूप काऊन?"

"रविवारी आरमोरीले आमच्या घरी पाहुणे येऊन राह्यले. मले पाहाले. पोरगा भद्रावतीचा, कारखान्यात हाय. त्याले मोटरसायकल पायजे."

"अन् तुमाले?"

मी कापूस चकतीवर आणखी जोरात घासला. बोलले असते तर शिवी निघाली असती. माझा बाप दर जयंतीला समतेवर भाषण देतो. आईनं घरची एवढीशी बांधी करून वर लोकांच्या धानात वाकून वाकून मला शिकवलं. आणि आता मला कुणी घेऊन जावं म्हणून वर गाडी द्यायची? मी काय बिघडलेला माल आहे?

"आमच्या गोंडांत उलटं हाय," पॅड बसवत कोलू म्हणाला. "पोरगाच पोरीच्या बापाले देते. द्याले काई नसन, तं त्याच्या वावरात राबते."

"तू राबशील?"

त्याचे हात थांबले. "मले कोन बोलावन...? तुमी शिकलेल्या, बौद्ध. मी जंगलातला."

"ते तुले कोनं विचारलं? राबशील का, तेवढं सांग!"

त्यानं चाक जागेवर बसवलं, एकदा फिरवून बघितलं.

"राबीन."

मी तिथंच फोन लावला. "बाबा, पाहुण्यांले येऊ नका म्हना. मी एक पोरगा पसंत केला. सायकलचं दुकान हाय त्याचं. गोंड हाय."

 "लोकं काय म्हनतीन, रंजीता?"

"जात मानायची नाई, हे तुमीच शिकवलं ना? का ते फक्त माइकसमोर?"

  कोलूनं काळे हात पँटीला पुसले आणि फोन मागितला.

"बाबूजी, मी कोलू. यंदा तुमच्या धानाच्या रोवणीले मी येतो. मजुरी नको."

"मंग काय पायजे?" बापाचा आवाज मलाही ऐकू आला. कडक होता.

"तुमची पोरगी. पन... ती हो म्हनन तं."

मी हो म्हटलं. मोठ्यानं, आरमोरीत ऐकू जाईल असं.