पुडूचं पाडस

हसायचं असेल तर खुशाल हसा. डॉक्टर ओयार्सोही हसला होता. पण हे घडलंय. चिलोए बेटावर, चोन्चीच्या वरच्या रानात, वन्यप्राण्यांच्या दवाखान्यात.

आणि तेही भर दुपारी.

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की समोरचं फाटक दिसत नव्हतं.

कुत्र्यांनी पिटाळलेली एक पुडू हरिणी आणली होती. पुडू म्हणजे केवढीशी, करडाएवढी. सकाळपासून वेणा देत होती. पाडस अडलं होतं.

डॉक्टर यास्नानं तिचे डोळे फडक्यानं बांधले, कानात कापूस घातला. रानातलं हरीण माणसाच्या धसक्यानंच मरतं. म्हणून तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही.

पण ओयार्सोच्या तोंडाला कोण कुलूप घालणार? दवाखान्याचा मुख्य ना तो. हात कधी रक्तात बुडवला नाही, बाता मात्र आभाळाएवढ्या. दारात मोबाइल धरून उभा होता.

"मेलंय ते," तो म्हणाला. "दोरी लाव, ओढ, मोकळी हो. कशाला लाड करतेस?"

मेलं असेल तर ओढूनच काढतात, म्हणजे आई तरी वाचते. पोट चिरायची जोखीम घ्यायची ती पाडस जिवंत असेल तरच. पारख सोपी. आत हात घालून पाडसाच्या तोंडात बोट द्यायचं. चोखलं, तर जिवंत.

यास्नानं बोट दिलं...

त्यानं चोखलं. चांगलं घट्ट.

"जिवंत आहे," ती कुजबुजली, आणि तिनं पोट चिरायला घेतलं.

पाडस हाती येईतो आईचं काळीज थांबलं होतं.

आणि पाडस...

डोळे पांढरे. केस हाताला लागून येत होते. वास सुटलेला. केव्हाचंच मेलं होतं ते.

"वा, डॉक्टरीणबाई," ओयार्सो म्हणाला. "मढ्यापायी आई मारलीत. हे चोखत होतं होय? बघू, मलाही चोखतंय का."

त्यानं हसत हसत त्या तोंडात बोट घातलं.

हसू ओठांवर तसंच राहिलं.

बाहेर एकही पाखरू बोलत नव्हतं. आत फक्त...

चुळुक. चुळुक.

त्यानं बोट हिसकून घेतलं. कोटाला पुसलं. पुसतच राहिला.

"परत आत ठेव त्याला. आईच्या पोटात. शिवून टाक."

"डॉक्टर, तुम्हालाही..."

"शिव म्हणतो ना."

तिनं शिवलं. शेवटच्या टाक्याला सुईखाली काहीतरी हललं... की तिचाच हात थरथरला? दोघांनी अंधार पडायच्या आत त्यांना पुरलं.

आजही यास्ना ओयार्सोला भेकड म्हणते. त्याचं नाव निघालं की थुंकते.

पण त्या दुपारी स्टेथोस्कोप तिच्याच गळ्यात होता. पाडसाच्या छातीला लावून बघायचा धीर तिलाही झाला नाही.