घोरपड सरळ का जाईना?

स्टिअरिंग सरळ धरलेलं असताना गाडी उजवीकडे का ओढते?

मंगळावरच्या खडकाळ उतारावर बारा वर्षांच्या शाल्मलीला हाच प्रश्न पडला होता. तिचे आजोबा, यंत्रशास्त्रज्ञ दिनानाथ, ‘घोरपड’ नावाची गाडी चालवत होते. घोरपड खडक चढण्यासाठीच बनवलेली. पण आज एखादा दगड लागला, की तिचं उजवं पुढचं चाक थरथरायचं आणि गाडी उजवीकडच्या दरीकडे ओढली जायची. शेवटी आजोबांनी ती कडेला थांबवली.

गाडीच्या संगणकाने तपासणी केली. स्टिअरिंगची मोटर ठीक होती, दोष सापडत नव्हता. म्हणून गाडी चालवू नये, असं त्याने सांगितलं. केंद्रप्रमुख बारटक्के यांनीही रेडिओवरून तोच आदेश दिला. विमान येऊन दोघांना घेऊन जाणार होतं. गाडी तिथेच सोडायची.

गाडीच्या मागच्या टाकीत प्राणवायू तयार करणारं जिवंत शेवाळ होतं. दक्षिण तळावरचं शेवाळ रोगाने मेलं होतं आणि तिथली माणसं साठवलेल्या प्राणवायूवर दिवस काढत होती. गाडी इथे राहिली, तर तिथे न्यायचं हे शेवाळही गोठणार होतं.

“मी गाडी सोडणार नाही,” शाल्मली म्हणाली. “दोष सापडला नाही म्हणजे तो सापडणारच नाही, असं थोडंच आहे?”

“शाल्मली, हा आदेश आहे,” बारटक्के रेडिओवरून म्हणाले.

“कळलं, काका. विमान येईपर्यंत मी शोधते.”

आजोबांनी गाडी घसरू नये म्हणून चाकांखाली दगड लावले आणि तिला विचारलं, संगणक नेमकं काय पाहतो? शाल्मलीने विचार केला. मोजणारं यंत्र फक्त मोटरवर होतं. मोटरपासून चाकापर्यंत वळण पोचतं का, हे कोणीच पाहत नव्हतं.

अवकाशपोशाख घालून ती गाडीखाली सरपटत गेली. आजोबा आत बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहिले. तिने एकेका भागावर हात ठेवला. मोटरचा दांडा लगेच हलत होता. टाय रॉड (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) लगेच हलत होता. डावं चाकही. उजवं मात्र मागे राहून, हिसका बसल्यावरच वळत होतं.

“आजोबा, दांडा आधी हलतो, चाक नंतर. मधला सांधा ढिला आहे.”

आजोबांनी तिला समजावलं, की तो गोलसांधा (वाटीत फिरणारा गोळा) आपल्या खांद्यासारखाच असतो. त्याच्यावरचं रबर फाटलं होतं. आत शिरलेल्या धुळीने वाटी घासली आणि गोळा सैल झाला. आता उजवं चाक दांड्याचं न ऐकता दगड ढकलेल तिकडे तोंड करत होतं.

अवजारांच्या पेटीत नवा सांधा होता. तो दांड्यावर स्क्रूसारखा फिरवून बसवायचा होता. कमीजास्त फिरवला, तर दांड्याची लांबी बदलली असती आणि चाकं वेगवेगळ्या दिशांना पाहू लागली असती. म्हणून जुना सांधा काढण्याआधी शाल्मलीने तो होता तिथे दांड्यावर खूण केली आणि नवा तिथपर्यंतच फिरवला. मग दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून दोरीने मोजलं. सारखं भरलं.

पुन्हा स्टिअरिंग हललं. या वेळी दोन्ही चाकं एकदमच वळली.

आजोबांनी विमान परत पाठवायला सांगितलं. बारटक्के संतापले. आजोबा शांतपणे म्हणाले, “तपासून निघालोय. जबाबदारी माझी.”

आधी सपाटीवर, मग दगडांवर हळूहळू चालवून पाहत ते दरी उतरले. दक्षिण तळावर पोचले, तेव्हा शेवाळ हिरवंगार होतं.

परतल्यावर बारटक्क्यांनी दोघांना चांगलंच सुनावलं. आदेश मोडल्याबद्दल शाल्मलीचं बाहेर जाणं काही काळ बंद झालं. तिने मान खाली घातली नाही.

मग बारटक्के जरा अडखळत म्हणाले, “आपल्या केंद्रात आणखी दोन गाड्या आहेत. त्यांचेही सांधे कोणी पाहिलेले नाहीत.”

“मी पाहते,” शाल्मली म्हणाली. “स्टिअरिंग तुम्ही हलवा.”