तीन नंबरचा आवाज

"मॅडम, माझ्या हातून तो पडला नाही. एवढं सिद्ध करून द्या. बाकी काही नको."

गिरगावातल्या त्या छोट्या ऑफिसात शिरल्यापासून गौतम कांबळेने हे वाक्य तिसऱ्यांदा उच्चारलं. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला हा सव्वीस वर्षांचा पोरगा अंगापिंडाने पैलवान होता, पण आत्ता खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसला होता.

"आधी काय पडलं ते सांग," नूपुर घाडीगावकर म्हणाली. खासगी तपासाच्या धंद्यात तिला बारा वर्षं झाली होती. बोलणाऱ्याला ती मध्येच तोडत नसे, फक्त गाडी रुळावर आणून सोडत असे.

"ॲम्प्लिफायर. गिटारचा."

"हात्तिच्या! मला वाटलं, बाळ-बिळ," हितेंद्र चुरी म्हणाला. हा नूपुरचा भागीदार. मनाने सरळ आणि खाण्यापिण्याचा शौकीन. बुद्धी होती, पण ती जरा उशिरा पोचायची.

गौतमने हकीकत सांगितली. 'तिसरी पाळी' नावाचा त्यांचा बँड प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे दणदणीत आणि गुंतागुंतीचं रॉक, वाजवायचा. गिटारवर अपेक्षा राणे, बेसवर अमित परब, ड्रम्सवर गौतम. मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता आणि अपेक्षाला चांगला ॲम्प हवा होता. चिंचपोकळीला अमितच्या काकांचा बंद पडलेला गाळा होता. बँडचा सराव तिथेच चाले. तिथे तीन ॲम्प आणून चाचणी घ्यायची असं ठरलं.

"नावावर नाही, आवाजावर घ्यायचा, असं अपेक्षा म्हणाली. म्हणून मंडळाचा जुना मखमली पडदा आणून लावला. अपेक्षा पडद्याच्या पुढे वाजवणार, अमित मागे वायर बदलणार. तिन्हींना स्पीकर एकच."

"तिन्ही कुठले?"

"एक नंबर साधा ट्रान्झिस्टरवाला, दोन नंबर डिजिटल. तीन नंबर आमच्या ओळखीच्या हेमचंद्र सरांचा, जुना व्हॉल्ववाला. ते हैदराबादला चाललेत म्हणून विकत होते. तीन नंबर वाजला आणि आम्ही येडे झालो, मॅडम. मध्येच लाइट गेली. वरच्या काकूंनी इस्त्री लावली की खटका पडतो आमच्याकडे. बोर्ड माझ्या डोक्यावरच आहे. ड्रमच्या काठीनेच खटका वर केला. काठी खाली घ्यायच्या आत अपेक्षा थांबली होती तिथूनच पुढे वाजवायला लागली. एक ठोका चुकला नाही. तिथेच सौदा पक्का झाला."

"मग?"

"चाचणी संपली आणि मी लगेच तो उचलला. टॅक्सीत मांडीवर घेऊन बसलो. वर लोखंडी जाळी असते ना, तिच्यावर हनुवटी टेकवून, दोन्ही हातांनी कवटाळून. करी रोडला अपेक्षाच्या घरी नेऊन ठेवला. तिने लावला तर आवाज गेलेला. इथे वाजत होता, तिथे मेला. मधे फक्त मी. तिने मला बँडमधून काढलं. नवीन ड्रमर बघतायत. पाच वर्षं वाजवतोय मी त्यांच्याबरोबर."

"भरपाई मागतायत?" हितेंद्रने विचारलं.

"भरपाईचं राहू द्या. ती म्हणाली, पाडलास ते पाडलास, वर खोटं कशाला बोलतोस?"

नूपुरने पर्स उचलली.

करी रोडच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर अपेक्षाने दार उघडलं. आजोबांची चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला होता. मृत ॲम्प पलंगाखाली ढकललेला होता.

"प्रोग्रेसिव्ह मेटलला एवढा महागडा ॲम्प का लागतो?" नूपुरने विचारलं.

"माझी गिटार आठ तारांची. खालची तार एकदम जाड. आमच्यात आवाज मुद्दाम फाडतात, पण साध्या ॲम्पवर फाडला की सगळा नुसता चिखल. मला फाटलेल्या आवाजातही प्रत्येक सूर सुटा ऐकू यायला हवा. आणि पुढच्याच क्षणी हळुवार वाजवायचं असतं, तेव्हा आवाज लगेच निर्मळ व्हायला हवा."

"डिजिटलमध्ये जमत नाही?"

"त्यांना जीवच नसतो हो." अपेक्षाने नाक मुरडलं. "ते घरी रियाझाला ठीक."

"इथे आणल्यावर काय झालं?"

"स्पीकर जोडला, मग चालू केला. माशी गुणगुणल्यासारखा आवाज. मी वायर बदलून पाहिली, सगळं केलं. गौतमने पाडला असता तर चाललं असतं मला. त्याने कबूल करायला हवं होतं."

नूपुरने परवानगी घेऊन मागची पट्टी उघडली. आत काचेचे व्हॉल्व रांगेत उभे होते, एकालाही तडा नव्हता. तिने वाकून वास घेतला आणि हितेंद्रला खुणेने बोलावलं.

"जळकट," हितेंद्र म्हणाला. "वडे करपल्यासारखा."

"लाखेचा. ट्रान्सफॉर्मर जळलाय."

"म्हणजे पडून शॉर्ट झाला असेल." हितेंद्रने निकाल देऊन टाकला. नूपुरने पट्टी पुन्हा बसवली.

हेमचंद्र पेडणेकर दादरला राहत. खोलीभर खोकी बांधून ठेवलेली होती. गृहस्थ चिडलेलेच होते.

"माझा माल चालू होता! चौघांच्या कानांनी ऐकलाय. गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः गाळ्यात वाजवून ठेवून आलो, शुक्रवारी चाचणी झाली."

"मधल्या वेळात किल्ली कोणाकडे होती?"

"अमितकडे. पण चाचणीत वाजला ना तो? मग किल्लीचा काय संबंध?"

"लाइट गेली तेव्हा तुम्ही तिथेच होता?"

"नाही. खाली सिगारेट ओढायला गेलो होतो, परत आलो तेव्हा वाजतच होता. माझा ॲम्प वाजायचा असला की मी नेहमीच तेव्हा जातो."

"म्हणजे?"

"व्हॉल्ववाला आहे हो. आतले दिवे तापल्याशिवाय तोंड उघडत नाही. बटण दाबा, एका कपातली साखर ढवळा, मग आवाज. आणि एकदा तापला की त्याच्यावर पापड भाजून घ्या." ॲम्पबद्दल बोलताना त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "चांगला होता बिचारा."

"पापडाची कल्पना बरी आहे," हितेंद्र जिन्यात म्हणाला. नूपुर हसली. तिचं हसणं पापडावर नव्हतं, पण ते हितेंद्रला कळायला अवकाश होता.

गाळ्यात अमित एकटाच होता. किडकिडीत, चष्मेवाला, बोलायला नम्र. पडदा अजून दोरीवर होता. अमितच्या मांडीवर बेस होता आणि त्याची वायर साबणाच्या पेटीएवढ्या चपट्या यंत्रात गेली होती. यंत्राला मोबाइलची पॉवर बँक जोडलेली होती.

"हे काय?" नूपुरने विचारलं.

"घरी रियाझाला. यात सगळ्या ॲम्पच्या नकला असतात. हेडफोन लावले की कोणाला त्रास नाही." त्याने ते बाजूला सरकवलं. "गौतमचं वाईट वाटतं हो. मुद्दाम नसेल केलं त्याने."

"गुरुवारी हेमचंद्र गेल्यावर तुम्ही इथे होता?"

"थोडा वेळ. बेस वाजवला, गेलो. वरच्या काकू आवाज खपवून घेत नाहीत."

वरच्या चंपाकाकूंनी नूपुरचं आडनाव ऐकलं आणि थेट मालवणीतच सुरुवात केली. "बस गो बाय. गुरवारी? नाय, आवाज कसलो? मी खाली गेलंय आंबोळ्यो देवक. ह्यो त्या मोठ्या पेटयेसमोर बसलेलो. पेटयेचो लाल दिवो पेटलेलो, ह्याच्या कानाक ती बोंडा, आणि तारी खाजवता. आवाज म्हणशात तर नाय! माका वाटला, मेल्याक येड लागला."

"गिटार होती की बेस?"

"माका काय कळता? तारी होत्यो."

रविवारी सकाळी नूपुरने सगळ्यांना गाळ्यात बोलावलं. गौतम दारापाशी उभा राहिला. आत येऊन बसायला त्याला कोणी सांगितलं नाही, त्यामुळे तो बसला नाही.

"सगळे एकच म्हणताय," नूपुरने सुरुवात केली. "इथे वाजला, घरी मेला, मधे गौतम. हिशोब बिनचूक आहे, फक्त पहिलाच आकडा चुकलाय. शुक्रवारी तो इथे वाजलाच नाही."

"आम्ही ऐकला!" हेमचंद्र ओरडले.

"पडद्याआडून ऐकला. हेमचंद्र, वाजता वाजता व्हॉल्ववाल्याची लाइट गेली, तर परत आल्यावर तो लगेच वाजतो?"

"एका क्षणापुरती गेली तर दिवे गरम असतात, लगेच बोलेल. त्यात काही..."

"बरोबर. म्हणून नुसत्या त्या खटक्यावर मी विसंबले नाही. पण तो मला खटकला, आणि मग मी गौतमची हनुवटी आठवली."

सगळ्यांनी गौतमकडे पाहिलं. त्याचा हात आपोआप हनुवटीकडे गेला.

"बराच वेळ वाजलेला ॲम्प, ज्यावर पापड भाजावा, तो याने लगेच उचलला. वरच्या लोखंडी जाळीवर हनुवटी टेकवून चिंचपोकळीहून करी रोडला नेला. चटका बसला, गौतम?"

"नाही," गौतम चाचरत म्हणाला. "थंड होता. स्टीलच्या डब्यासारखा."

"म्हणजे तो पेटवलाच नव्हता. डिजिटललाही चालू व्हायला वेळ लागतो, मग लाइट आल्याबरोबर आवाज देणारा जो होता, तो ट्रान्झिस्टरवाला एक नंबर. आणि त्याच्या पोटात सूर भरणारं जे होतं, त्याला लाइट गेल्याचं कळलंच नाही, कारण ते पॉवर बँकवर चालत होतं. अमित, तुझी ती छोटी नकलांची पेटी एक नंबरला जोड."

अमित उठला, वायर जोडली, एक बटण दाबलं. नूपुरने अपेक्षाकडे गिटार दिली.

अपेक्षाने खालच्या जाड तारेवर एक आघात केला. गाळा भरून गेला. प्रत्येक सूर सुटा होता. दुसऱ्या आघाताला तिचा हात थांबला.

"तीन नंबर," ती म्हणाली.

"पण खरा ॲम्प जळला कशाने?" हितेंद्रने विचारलं. प्रश्न पहिल्यांदाच वेळेवर आला होता.

"पडला असता तर आधी काचा फुटल्या असत्या. काचा शाबूत, ट्रान्सफॉर्मर जळलेला. गुरुवारी लाल दिवा पेटलेला होता, कानाला हेडफोन होते, आणि गाळ्यात आवाज नव्हता. काकूंना त्रास नको म्हणून स्पीकरची वायर उपटली आणि ॲम्पचा आवाज आपल्या पेटीतून हेडफोनला घेतला. डिजिटल पेटीत ते चालतं. व्हॉल्ववाल्याला स्पीकर नसला की त्याचा जोर जायला वाट उरत नाही, आणि तो स्वतःलाच जाळतो. खरं ना, अमित?"

अमितने चष्मा काढला. "मला माहीत नव्हतं हो. कधीपासून त्या आवाजाच्या मागे होतो, पेटीत त्याची नक्कल जुळवत होतो. एकदा खरा वाजवून पाहावा म्हटलं. एकदम वास आला." त्याने हेमचंद्रांकडे पाहिलं. "तुम्हाला तोंड कसं दाखवू, म्हणून पडद्यामागे पेटी लावली. वाटलं, घरी जाऊन बंद पडला तर म्हणतील, जुना होता, गेला. गौतमवर येईल असं वाटलं नव्हतं."

"आणि आल्यावर?" अपेक्षाने विचारलं.

अमित चष्मा पुसत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि दोरी ओढताना चोर शेजारीच उभा होता. नूपुरला पहिल्यांदाच त्याचा संताप आला. ॲम्प जाळणं ही चूक होती, त्यानंतरचं गप्प बसणं हा गुन्हा होता.

"ऊठ," अपेक्षा म्हणाली. "बेस घे आणि चालता हो."

अमितने बेस उचलला.

"थांब रे," दारातून गौतम म्हणाला. "मला काढलंत ना, तेव्हा मी स्टेशनपर्यंत गेलो आणि परत आलो. समोरच्या फुटपाथवर उभा होतो. वाटलं, कोणीतरी बाहेर येईल, हाक मारेल."

"आम्ही आतच होतो," अपेक्षा म्हणाली.

"माहीत आहे. नवीन ड्रमर वाजवून दाखवत होता. आपलंच गाणं. मी पूर्ण ऐकलं आणि मग गेलो."

अपेक्षाने गिटार खाली ठेवली. ती त्याच्यापाशी गेली.

"याला तसं बाहेर काढू नका," गौतम म्हणाला. "काय शिव्या द्यायच्या त्या द्या. मीपण देणार आहे. पण आत बसवून द्या."

तो दारातून आत आला आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसला. नूपुरने हितेंद्रला कोपराने ढोसलं आणि दोघं बाहेर पडली.