हलू नकोस, तुटेल

“आधी आपलं नाव निवडा, मगच बटण दाबा. घाई केलीत की घोळ झालाच म्हणून समजा.”

ग्रंथपालबाईंचा तो आवाज अजून कानात आहे. संगणकाच्या टेबलाशी कुणीही आलं की बाई चष्म्यावरून बघत हेच सांगायच्या. त्या वर्षी कॉलेजातल्या बऱ्याच जणांच्या हातात ऑर्गनायझर आले होते – तळहातात मावणारे, करड्या पडद्याचे, बारीक काडीने लिहायचे. दिवसभर त्यात टिपून घ्यायचं आणि संध्याकाळी ग्रंथालयातल्या संगणकाला जोडलेल्या खाचेत ते उभं करायचं. मग यंत्रातलं संगणकात जायचं आणि संगणकातलं यंत्रात यायचं. त्या खाचेला आम्ही पाळणा म्हणायचो. “माझं बाळ झोपलंय, कुणी हात लावू नका रे,” असं सांगून मुलं खुशाल चहाला निघून जायची.

माझ्या ऑर्गनायझरमध्ये मुख्य गोष्टी दोनच होत्या. झाडांची नावं, कारण मी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. आणि आईच्या गोळ्यांच्या वेळा. आईला कंपवात होता. गोळी वेळेवर पोटात गेली तर ती चालायची, बोलायची, टोमणेही मारायची. उशीर झाला की बसल्या जागी पुतळा. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, दादा-वहिनी दूरच्या शहरात. आमचं घर कॉलेजमागच्या गल्लीत, त्यामुळे गजर झाला की मी पळत जायचे, आईला गोळी द्यायचे आणि पळत परत यायचे. मैत्रिणी म्हणायच्या, “हिचं लग्न घड्याळाशी लागलंय.”

एके दिवशी प्रयोगशाळेत सगळे सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेले असताना माझा ऑर्गनायझर किणकिणला. गोळीची वेळ तर नव्हती! घाबरून पडदा बघितला. त्यावर लिहिलेलं होतं – ‘जेव रे गाढवा.’

मी पुन्हा पुन्हा वाचलं. हे काही मी लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आलं, ‘नखं काप.’ त्यानंतर, ‘ताईला फोन – ओरडेल.’

आणि त्याच दुपारी प्रयोगशाळेच्या दारात तो उभा राहिला. बाहेर भुरभुर सुरू होती, केसांवर पाण्याचे बारीक मणी, हातात माझ्यासारखाच ऑर्गनायझर.

“माफ करा हं... ‘आई – गोळी’ ते तुमचं का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“माझ्या यंत्रावर तुमचं नाव आलंय. काल वर्गात गजर झाला, ‘आई – गोळी’. मी घाबरून घरी फोन लावला. आई म्हणाली, मला काय धाड भरलीय?”

मी हसले. फार दिवसांनी हसले असणार, कारण तो आवाज माझा मलाच नवा वाटला.

“आणि ‘जेव रे गाढवा’... ते तुम्ही?”

“मीच तो,” तो मान खाली घालून म्हणाला. “गाढव.”

घोळ साधाच होता. नवं यंत्र पहिल्यांदा पाळण्यात ठेवलं की संगणक विचारतो, हे कुणाचं? नावांची यादी दाखवतो. माझ्या पाठोपाठ हा आला होता, यादीत माझंच नाव उजळलेलं होतं, आणि यानं बाईंकडे पाठ करून बटण दाबून टाकलं. झालं! त्याचं सगळं माझ्यात आलं आणि माझं सगळं त्याच्यात गेलं.

“म्हणजे संगणकाने विचारलं, तू कोण, आणि तुम्ही म्हणालात, मी म्हणजे ही,” मी म्हणाले. म्हणाले आणि कान तापले.

“घाईत माणूस खरं बोलून जातो,” तो म्हणाला. तेही चेहऱ्यावरची रेघ न हलवता!

मग निवडायला बसलो. ग्रंथालयाच्या खिडकीशी, शेजारी शेजारी, तांदळातले खडे निवडावेत तसे.

“‘पूल – मापं’?”

“माझं. मी स्थापत्यचा आहे.”

“‘पारंब्या – फोटो’?”

“माझं नाही. मला पारंब्या फुटायला अजून वेळ आहे.”

“‘रडायचं नाही’?”

ही ओळ त्याने वाचली. मग मी हळूच म्हटलं, “ते माझं. दादाचा फोन येणार होता त्या दिवशीचं.”

काडीने त्याने ती ओळ पुसली. पडद्यावरून नुसतं बोट फिरवावं, इतक्या हलक्या हाताने. “गोळ्यांच्या वेळा मात्र राहू देत माझ्याकडे,” तो म्हणाला. “दोघांनी लक्षात ठेवलं तर काय बिघडलं?”

काही बिघडलं नाही. उलट एका दुपारी प्रात्यक्षिक परीक्षा लांबली, बाहेर सोडेनात, आणि माझा जीव नुसता टांगणीला लागला. सुटल्यावर धावत घरी आले तर आई व्हरांड्यात बसून चक्क दोडके सोलत होती, आणि हा खाली फरशीवर बसून साली गोळा करत होता.

“हा कोण गं?” आईने विचारलं. आजाराने आवाज बारीक झाला होता, जिभेची धार मात्र तश्शीच. “आला, म्हणाला, काकू, गजर झाला. मी म्हटलं, बाबा, तू गजर दुरुस्त करणारा का? तर म्हणतो, नाही, मी वाजणारा.”

त्या दिवसापासून आईने त्याचं नाव गजरवाला ठेवलं.

तो येत राहिला. कधी गोळीच्या निमित्ताने, कधी निमित्त घरी विसरून. ‘अहो’चं ‘अगं’ कधी झालं ते मला आठवत नाही. आई त्याच्याशी माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलायची – “हिला हसवत जा रे जरा, नाहीतर हिचाही पुतळा व्हायचा.” मी स्वयंपाकघरातून भांडी जोरात आपटायचे. तो तेवढ्याच जोरात म्हणायचा, “काकू, पुतळा रागावलाय.”

सुख एवढंच. नीट ओंजळीत धरायच्या आधीच ते गळायला लागलं.

आईची गोळी पुरेना. डॉक्टरांनी वेळा जवळ जवळ आणल्या, तरी मधले चांगले तास आखडतच गेले. आणि एका सकाळी न्हाणीघराच्या दाराशी ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलच्या खाटेवर तिला निजवल्यावर ती एवढीशी दिसली की शेजारच्या बाईंनी विचारलं, “तुझी आजी का गं?” मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “पैसे पाठवतो. सुट्टीचं मात्र कठीण आहे गं.” मी “बरं” म्हटलं. आणखी काय म्हणणार!

त्या धावपळीत ऑर्गनायझर पिशवीच्या तळाशी पडून राहिला आणि त्यातले सेल संपले. नवे घातले तर पडदा मला ओळखेचना. ‘स्वागत आहे, ठिपक्यावर काडी टेकवा’, म्हणाला. सेल उतरले की त्या यंत्रांची स्मृतीच जायची. वर्षभराची झाडं गेली, सगळं गेलं. ग्रंथालयातले जुने संगणकही त्याच आठवड्यात बदलायला काढलेले. परीक्षा तोंडावर. मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसले. रडूसुद्धा येईना. कुणी आपल्याला ओळखत नाही आणि त्यात कुणाची चूकही नाही, असं काहीतरी वाटत होतं.

“माझ्याकडे आहे ना सगळं,” तो म्हणाला. तो कधी येऊन शेजारी बसला होता, मला कळलंही नव्हतं. “त्या घोळात तुझी सगळी झाडं माझ्याकडे आली होती, ती मी पुसलीच नाहीत. नंतर तू वेळोवेळी दिलेली टिपणंही आहेत. धर समोर. तोंडाला तोंड लावून.”

मी बघतच राहिले.

“यंत्रांच्या गं...” तो कानापर्यंत लाल झाला.

त्या ऑर्गनायझरच्या डोक्यावर एक काळी काच असायची. दोन यंत्रांच्या काचा समोरासमोर धरल्या की दिसत नाही अशा उजेडातून एकातलं दुसऱ्यात जायचं. जवळ धरायचं, सरळ धरायचं, आणि पट्टी भरेपर्यंत हात स्थिर. जरा वाकडं झालं की पहिल्यापासून.

माझा हात थरथरत होता. जागरणाने, उपाशीपणाने, कशाने तरी. दोनदा तुटलं. मग त्याने आपला डावा हात माझ्या मनगटाखाली धरला.

“हलू नकोस, तुटेल.”

पडद्यावर पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. एवढ्या जवळून मी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्याच्या पापण्यांवर सिमेंटची धूळ होती.

“मला नोकरी लागलीय,” तो पट्टीकडे बघत म्हणाला. “पुलाच्या कामावर. खूप लांब आहे... डोंगरात. परीक्षा झाली की निघायचं.”

माझा हात हलणारच होता.

“हलू नकोस.”

“तू मुद्दाम आत्ता सांगतोयस.”

“हो. एरवी तू लगेच उठून कामाला लागतेस.” त्याने श्वास घेतला. “माझ्याशी लग्न करशील?”

पट्टी अर्ध्यावर होती. तिकडे आत कुणीतरी खोकत होतं, चाकांची खुर्ची कुरकुरत गेली, फिनेलचा वास येत होता. आणि मी, एवढा वेळ थरथरणारी, दगडासारखी स्थिर झाले. त्या बोटांखाली माझी नाडी उडत होती. ती त्याला कळत असणारच. पट्टी भरली. यंत्र किणकिणलं. तरी त्याने हात काढला नाही आणि मीही नाही.

“सगळं आलं?” त्याने विचारलं.

“आलं.”

“मग... माझं?”

“तू जायच्या आधी सांगते,” मी म्हणाले, आणि आई हाक मारतेय असं दाखवून आत गेले.

उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं. आणि त्याचा काही उपयोग नाही, हेही ठाऊक होतं.

आई घरी आली ती खाटेवरच. चांगला तास आला तर कुबडीने खिडकीपर्यंत, बस्स. तो म्हणाला, काकूंनाही घेऊन जाऊ. पण तिथे पत्र्याच्या खोल्या, आणि दवाखाना गाठायचा तर अर्धा दिवस जीपमध्ये. तो म्हणाला, मग मीच जात नाही. त्याचे वडील नुकतेच घरी बसले होते, धाकट्या भावंडाचं शिक्षण व्हायचं होतं. पुलाचा पगार घरच्यांनी गृहीतच धरलेला होता. मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस. तो म्हणाला, मग थांबतो तुझ्यासाठी, कितीही. आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याचं थांबणं म्हणजे कशाची वाट बघणं, ते आम्हा दोघांनाही समजत होतं. ते मनात आलं आणि मी आईच्या पायाशी जाऊन बसले, पाय चेपत राहिले.

रोज पहाटे प्रार्थनेला बसायचा माझा नेम होता. तो मी मोडला नाही. पण शब्द यायचे नाहीत. बंद दुकानाच्या पायरीवर बसावं तशी मी देवापुढे बसून राहायचे, उजाडलं की उठायचे. परीक्षा दिली, कशी दिली ते विचारू नका. पुढे काय, असा प्रश्नही पडेनासा झाला. पुढे पुढची गोळी.

तेव्हाच मनाशी ठरवलं. त्याला सांगायचं, माझ्या मनात तसं काही नव्हतंच. तुझा गैरसमज झाला. म्हणजे तो रागावेल, मोकळा होईल, जाईल. ते वाक्य मी कपडे धुताना घोकलं, कणीक मळताना घोकलं. इतकं पाठ केलं की ते मला खरं वाटेल असं वाटलं होतं. पण नाही वाटलं.

तो जायचा दिवस आला. आईचा चांगला तास सुरू होता. उशीला टेकून ती आपल्या हाताने केस विंचरत होती. मी साडीच्या निऱ्या नीट केल्या.

“गजरवाल्याला पोचवायला?”

“हं.”

“काय सांगणार आहेस?”

मी सांगितलं. घोकलेलं होतं, एका दमात आलं.

कंगवा थांबला. “म्हणजे तो सुखाने जाईल असं तुला वाटतं?”

“मग काय करू मी? तुला टाकून जाऊ?”

“नको,” आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

“नको जाऊस. चांगल्या आया म्हणतात, जा बाई, माझं काय, मी पिकलं पान. मला नाही जमत ते. मला तू हवी आहेस. रात्री जाग आली आणि अंग वळेना की मला मरायची भीती वाटते गं... तू गेलीस तर मी काय करू?” तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं, आजारात उमटतच नाही, पाणी तेवढं डोळ्यांतून सरळ खाली येत होतं. “माझ्या दुखण्याने तुझं सगळं घेतलं. पुढचं शिक्षण घेतलं, झोप घेतली, आता त्यालाही घेतंय. पण तू त्याच्याशी खोटं बोललीस तर तेही माझ्यापायीच. तेवढं माझ्या माथी मारू नकोस.”

“खरं सांगून त्याला काय मिळणार आहे, आई?”

“काही नाही. बसमध्ये रडेल. रडू दे. पण कुणीतरी आपल्यावर जीव टाकला होता, हे तरी घेऊन जाऊ दे त्याला. ते त्याचं आहे. तुझं नाही ठेवून घ्यायला, माझंही नाही.” तिने हात पुढे केला. तो नेहमीसारखा हलत होता. “खरं सांगशील. दोन्ही. वचन दे.”

मी तिचा हात दोन्ही हातांत धरला. 

“देते.”

“पदर नीट घे. आणि डोळे पूस, की तसंच जातेस?”

मी पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवला, कुबडी खाटेला टेकवली, खिडकी अर्धी लोटली. ‘तू मला आवडतोस’ आणि ‘मी येत नाही’ – दोन्ही एकाच तोंडाने कशी सांगायची, कोणतं आधी, ते काही सुचत नव्हतं. घोकलेलं होतं ते खोटं. खरं मी एकदाही म्हणून बघितलं नव्हतं. चपला घातल्या, आईला आवाज होऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं, आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागले.